शिक्का एकीकडे, मोर्तब दुसरीकडे : 'रेन बिहाइंड अ कर्टन' (१९८३)

शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर काहीतरी हलकंफुलकं लावूया म्हणून बसलो आणि बघितलं काय, तर चाळीस वर्षांपूर्वीचा चिनी ऐतिहासिक पिक्चर, ज्यात राजा आजारी आहे आणि दरबारातला प्रत्येक माणूस त्याच्या मरणानंतर आपली खुर्ची कुठे असेल याचा हिशोब करत बसलाय. नवरा वीस मिनिटांत घोरायला लागला. मी आणि सासूबाई मात्र शेवटपर्यंत जाग्या. आईंना चिनी येत नाही आणि इंग्रजी सबटायटल इतक्या पटापट वाचता येत नाहीत, त्यामुळे मी शेजारी बसून धावतं समालोचन करत होते, तरी त्यांना सगळं माझ्याआधी कळत होतं. कोण कुणाचं कोण, कुणाच्या मनात काय, कोण कुणाला गोड बोलून खड्ड्यात घालणार. पेशव्यांवरच्या कादंबऱ्या कोळून प्यायलेल्या बाईला चिनी दरबार काय अवघड जाणार म्हणा.

तर आधी हा पिक्चर नेमका कुठला ते सांगते, कारण चीनची सम्राज्ञी त्सुशी, जिची ही गोष्ट, तिच्यावर इतके सिनेमे आणि सीरियली आहेत की गोंधळ होतो. दिग्दर्शक ली हान-श्यांग, हाँगकाँगमधलं मोठं नाव. त्यांनी १९८३ मधे दोन जोडपिक्चर काढले, पहिला 'द बर्निंग ऑफ द इम्पीरियल पॅलेस' आणि दुसरा हा, 'रेन बिहाइंड अ कर्टन'. चिनी नावाचा अर्थ साधारण 'पडदा सोडून कारभार ऐकणं'. राजा लहान असेल तर त्याची आई सिंहासनामागे पडद्याआड बसून दरबाराचं कामकाज ऐकते आणि निर्णय देते, त्या पद्धतीचंच नाव ते. एकच कथा दोन भागांत आहे, त्यामुळे क्रमाने बघा. आम्ही शहाणपणा करून दुसरा आधी बघितला आणि पहिला रविवारी दुपारी. तुम्ही असं करू नका, निदान पहिल्यात यूलान नावाची साधी मुलगी (हीच पुढे त्सुशी होते) राजवाड्यात येते कशी, राजाचं लक्ष जावं म्हणून बागेत गाणं काय म्हणते, ते बघितलं की दुसऱ्यातली तिची थंड नजर जास्त बोचते.

पहिला भाग पटकन उरकते. १८६० मधे इंग्रज आणि फ्रेंच फौजा बीजिंगपर्यंत पोचल्या, मंगोल घोडदळ तोफांपुढे कापलं गेलं, राजा श्येनफंग राजधानी सोडून पळाला आणि मागे राजघराण्याची ती अवाढव्य बागामहालांची वसाहत, युआनमिंगयुआन, आधी लुटली गेली आणि मग जाळली गेली. (आज बीजिंगला जाणारे टूरवाले जो 'समर पॅलेस' दाखवतात तो हा नव्हे हं, तो वेगळा.) जाळायचा हुकूम देणारा लॉर्ड एल्गिन दीडच वर्षात आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला आणि १८६३ मधे धरमशालाला वारला, तिथल्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, मी कॉलेजच्या ट्रिपला गेले होते तेव्हा तिच्यासमोर फोटो काढलाय आणि हा माणूस कोण हे तेव्हा ढिम्म माहीत नव्हतं. त्या इंग्रज फौजेत शीख आणि पंजाबी पलटणी होत्या, आणि ज्या अफूवरून ही भांडणं सुरू झाली त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. मुंबईतली कितीतरी जुनी श्रीमंती त्या धंद्यातली आहे. त्यामुळे तो महाल जळतो तेव्हा 'बघा गोऱ्यांनी काय केलं' म्हणून नुसतं हळहळता येत नाही, थोडं अंग चोरूनच बसावं लागतं. सिनेमा म्हणून तो भाग भव्य आहे, पण गोऱ्यांचं काम करणारी मंडळी लाकडी आहेत, एकेक जण नाटकाच्या तालमीत पहिल्यांदा उभा राहिल्यासारखा.

खरा माल दुसऱ्या भागात आहे.

राजा पळून गेला तो जेहोलला, म्हणजे आजचं छंगदे, डोंगरातलं उन्हाळी ठाणं. तिथेच तो २२ ऑगस्ट १८६१ ला वारला. वय ३०. मागे एक मुलगा, पाच वर्षांचा, आणि दोन बायका ज्यांना मान होता. थोरली पट्टराणी त्सुआन, तिला मूल नाही. धाकटी त्सुशी, आधीची यूलान, तिचा हा मुलगा. मरायच्या आधी राजाने आठ माणसांचं मंडळ नेमलं, मुलगा मोठा होईपर्यंत कारभार यांनी बघायचा. त्यांचा म्होरक्या सूशुन. आईंनी इथेच मांडी बदलली आणि म्हणाल्या, "म्हणजे बारभाईच की." म्हटलं हो, फक्त चार भाई कमी.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लिहायला बसलीये ती. राजाने आठ जणांना अधिकार दिला पण मोकळा हात दिला नाही. त्याने दोन खासगी शिक्के ठेवले. एक दिला थोरल्या राणीला, दुसरा पोराला, आणि पोर पाच वर्षांचं म्हणजे तो शिक्का आपोआप आईच्या, त्सुशीच्या, ताब्यात. नियम असा की आठ जणांनी लिहिलेलं कुठलंही फर्मान या दोन शिक्क्यांशिवाय चालणार नाही. एक शिक्का कागदाच्या सुरुवातीला उठायचा, दुसरा मजकूर संपतो तिथे.

मी पॉज केलं. कारण आपण रोज 'शिक्कामोर्तब' म्हणतो ना, बातम्यांमधे, ऑफिसात, 'निर्णयावर शिक्कामोर्तब झालं', तो शब्द नेमका हाच आहे. मराठ्यांच्या कागदात वरती शिक्का आणि शेवटी मोर्तब. महाराजांच्या पत्रात वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव'ची मुद्रा आणि खाली 'मर्यादेयं विराजते', म्हणजे लेखनाची मर्यादा इथे संपली, याच्या खाली कुणी गुपचूप एक ओळ वाढवायची नाही. चीनमधेही भीती तीच होती आणि उपायही तोच निघाला. फक्त इथे शिक्का एका बाईच्या हातात आणि मोर्तब दुसऱ्या बाईच्या, आणि मधला मजकूर आठ पुरुषांच्या. आईंना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "मग ध चा मा करायचा म्हटला तरी तिघांना विचारावं लागणार." यापेक्षा चांगलं परीक्षण मला लिहिता येणार नाही खरं तर.

पुढचं सगळं कथानक या दोन ठशांभोवती फिरतं. तलवारबाजी जवळजवळ नाही. लढाई कशावरून, तर फर्मानाचा मसुदा राण्यांना दाखवायचा की नुसता ठसा मारायला पाठवायचा. अर्ज आधी कुणी उघडायचे. नेमणुकीत नाव कुणाचं घालायचं. ज्यांनी सरकारी ऑफिसात काम केलंय किंवा निदान हाउसिंग सोसायटीच्या कमिटीत एक वर्ष काढलंय त्यांना हे बघताना घाम फुटेल. आमच्या सोसायटीत, नाव सांगत नाही, एका सेक्रेटरीने राजीनामा दिला पण रबरी शिक्का घरी घेऊन गेला, आणि दीड महिना एकही नाहरकत पत्र निघेना, लोकांची लोनं अडकली, शेवटी चेअरमनच्या बायकोने त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवून तो शिक्का परत मिळवला. हसू नका. जेहोलमधे १८६१ साली झालं ते तत्त्वतः हेच आहे, फक्त शेवटी डोकी उडाली.

बरं, आठ जणही काही बावळट नव्हते. एका अधिकाऱ्याने अर्ज केला की राजा लहान आहे तर राण्यांनी पडद्याआडून कारभार बघावा. राण्यांना अर्थातच गुदगुल्या झाल्या. आठ जणांनी ते फेटाळणारं कडक फर्मान लिहून पाठवलं, राण्या शिक्का मारेनात. समोरासमोर भांडण झालं, आणि इतिहासात नोंद आहे की हे बाप्ये इतक्या मोठ्याने ओरडले की तो पाच वर्षांचा राजा घाबरून रडला आणि थोरल्या राणीच्या कपड्यांवरच त्याला शू झाली. त्यानंतर आठ जणांनी काय केलं माहितीये? काम बंद! कागदच उघडेनात. आलेले अर्ज तसेच पडून. म्हणजे लेखणीबंद आंदोलन, आणि तेही थेट सम्राटाच्या दरबारात. शेवटी राण्यांनी माघार घेतली, ठसे मारले, आठ जण हसतखेळत कामाला लागले आणि त्यांना वाटलं जिंकलो. बाई गप्प बसली की हरली असं वाटणाऱ्या पुरुषांची काही कमी नाही जगात.

ल्यू श्याओछिंगने त्सुशी केलीये आणि ती गप्प बसते तेव्हा सगळ्यात भीतीदायक दिसते. मी तिचं काम पहिल्यांदाच बघितलं, नंतर वाचलं तर तिने पुढेही त्सुशीच केलीये दोन-तीन सिनेमांत. पहिल्या भागातला लाडिकपणा थोडा अति आहे, पण इथे ती कमी करत करत जाते. तिच्या हातांकडे बघत राहा. मांचू राजघराण्यातल्या बायका बोटाच्या लांब नखांवर सोन्याची किंवा मुलाम्याची टोपणं घालायच्या, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, चांगली तीन-चार इंच लांब निमुळती. ती टोपणं घालून कपसुद्धा नीट धरता येत नाही, दोन बोटं कायम हवेत. म्हणजे ही बाई स्वतःच्या हाताने काही काम करत नाही हे लांबूनच कळावं म्हणून केलेला दागिना. आणि तेच हात घेऊन ती कागद हाताळणार, शिक्का उचलणार. पायात मधोमध उंच ठोकळा असलेल्या चपला, त्यामुळे चालायचं म्हणजे डुलत, सावकाश, कधीही घाई नाही. आमच्या आई म्हणाल्या, नऊवारी नेसून जिना उतरताना असंच चालावं लागायचं. कॉस्च्युमवाल्यांनी जीव ओतलाय, पण ते कपडे कुणी मिरवत नाही, त्यांचं ओझं वाटतं, हे मला आवडलं. आजकालच्या चिनी सीरियलींमधे प्रत्येक बाई जाहिरातीतून आल्यासारखी दिसते, इथे माणसं वापरलेल्या कपड्यांत दिसतात.

थोरली राणी छन ये नावाच्या अभिनेत्रीने केलीये आणि तिला पुरेसं श्रेय कुणी देत नाही असं माझं मत. शांत, सोज्वळ, थोडी भाबडी, घरातल्या थोरल्या जाऊबाई असतात ना ज्यांच्या शब्दाला मान असतो पण ज्यांना व्यवहारातलं फारसं कळत नाही, तशी. त्सुशीला लिहितावाचता चांगलं येत होतं, नवरा आजारी असताना ती त्याच्यासाठी अर्ज वाचायची, म्हणजे फायली कशा फिरतात ते तिला ठाऊक होतं. थोरलीला ते जमत नव्हतं. पण मान थोरलीचा. म्हणून धाकटीला तिला सोबत घेतल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि दोघींमधले जे सीन आहेत, एकीने दुसरीची समजूत काढायची, थोडं घाबरवायचं, थोडं रडायचं, ते पिक्चरमधले सगळ्यात खरे सीन आहेत. सवती सवती एकत्र आल्यावर आठ पुरुषांचं काय होतं याची गोष्ट आहे ही, असंही म्हणता येईल.

राजाच्या भूमिकेत टोनी लेऊंग का-फाय. त्याचा हा पहिलाच प्रोजेक्ट, दोन्ही भाग मिळून, आणि याच पिक्चरसाठी त्याला १९८४ मधे हाँगकाँग फिल्म ॲवॉर्डमधे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं, वय अवघं २६. आणि मग पुढे काय, तर मेनलँड चीनमधे जाऊन काम केलं म्हणून तैवानने त्याच्या सिनेमांवर बंदी घातली, तैवानचं मार्केट बंद म्हणजे निर्माते हातच लावेनात, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता काही काळ रस्त्यावर हाताने बनवलेल्या वस्तू विकत होता. नंतर सावरला, मोठा स्टार झाला, पण हे वाचल्यावर त्याचा तो थकलेला, देखणा, कशातच मन नसलेला राजा परत आठवला. श्येनफंग तसाच होता म्हणे, राज्य जळत असताना नाटकं बघणारा. त्याच्याबद्दल राग यायला हवा, येत नाही, कारण हा नट त्याला वाईट दाखवत नाही, संपलेला दाखवतो.

लोकेशनबद्दल बोललंच पाहिजे. ली हान-श्यांग यांनी आधीही त्सुशीवर सिनेमे केले होते, १९७५-७६ मधे, पण ते हाँगकाँगच्या स्टुडिओत, प्लायवूडच्या राजवाड्यात. इथे त्यांना बीजिंगमधल्या खऱ्या फॉरबिडन सिटीत, म्हणजे सम्राटांच्या अस्सल राजवाड्यात, शूटिंगची परवानगी मिळाली. सांस्कृतिक क्रांती संपून सात वर्षं झाली होती फक्त, आणि सरकारने हाँगकाँगच्या माणसाला दार उघडून दिलं. फरक काय पडतो ते डोळ्याला लगेच कळतं. सेटवर छत कमी उंचीचं असतं, दार बेताचं असतं, कॅमेरा फिरायला भिंत सरकवता येते. इथे माणूस दारातून आत येतो आणि दाराच्या निम्म्यातच असतो. अंगणं इतकी मोठी आणि इतकी मोकळी की त्यातून एकटा माणूस चालत गेला की पोटात कसंतरी होतं, एक झाड नाही, आडोसा नाही, सगळे बघतायत. दरबारातल्या लोकांना कायम भीती का वाटत असेल ते संवादाशिवाय समजतं. दिग्दर्शक पुढेही त्या शहराला चिकटूनच राहिले, १९९६ मधे वारले तेही बीजिंगमधेच, एका ऐतिहासिक सीरियलचं काम चालू असताना.

आता तो कट. राजाचं शव जेहोलहून बीजिंगला न्यायचं, दोन-अडीचशे किलोमीटर, डोंगरातून, खांद्यावर. सूशुनने शवपेटीबरोबर जायचं ठरलं. राण्या आणि छोटा राजा पुढे जवळच्या रस्त्याने निघाले, कारण शव पोचायच्या आधी नव्या राजाने स्वागताला हजर असावं असा रिवाज. म्हणजे रिवाजाच्या नावाखाली सूशुन आणि राण्या यांच्यात चार-पाच दिवसांचं अंतर पडलं, आणि राजधानीत दीर वाट बघत होता, प्रिन्स गोंग, ज्याला भावाने आठांच्या यादीतून वगळलं होतं आणि जो बीजिंगमधे राहून गोऱ्यांशी तह वगैरे निस्तरत बसला होता. राण्या १ नोव्हेंबरला पोचल्या, दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, जे आधीच तयार होतं, दोन्ही ठशांसकट. आठही जण बडतर्फ. सूशुनला वाटेत मुक्कामावरच पकडला. ८ नोव्हेंबरला त्याचं डोकं उडवलं, भर बाजारात. दोन राजकुळातले होते त्यांना 'मेहेरबानी' म्हणून स्वतःच फास लावून घ्यायची परवानगी. बाकी पाचांची नोकरी गेली. एवढ्यावर थांबलं. सत्तापालटाच्या मानाने रक्त कमीच सांडलं म्हणायचं.

आणि सगळ्यांची वयं बघा. त्सुशी २५ वर्षांची. थोरली २४ (ती थोरली मानाने, वयाने नव्हे). दीर २८. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात मुलं 'अजून सेटल नाही झालो' म्हणतात त्या वयात यांनी चाळीस कोटींच्या आसपास लोकांचा देश खिशात घातला. पिक्चरमधे ते वय दिसतं, हे महत्त्वाचं, कारण बहुतेक ठिकाणी त्सुशी म्हणजे सुरकुतलेली थेरडीच दाखवतात.

आता तक्रारी, कारण आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे तो कुप्रसिद्ध सीन. राजाची एक लाडकी होती, लीफेई, तिचे हातपाय तोडून त्सुशी तिला मोठ्या रांजणात घालून ठेवते. रांजणाच्या तोंडातून फक्त तिचं डोकं बाहेर, जिवंत. चीनमधे एका अख्ख्या पिढीला लहानपणी या सीनने झोपू दिलं नाही म्हणतात, आणि खरंच, मी उशी तोंडावर घेतली. पण हे झालेलंच नाही हो. खरी लीफेई त्यानंतर जवळपास तीस वर्षं जगली, राजवाड्यातच, १८९० मधे वारली. हातपाय तोडायची गोष्ट दोन हजार वर्षं जुनी, हान घराण्यातल्या सम्राज्ञी ल्यूची, ती उचलून इथे चिकटवलीये. का चिकटवली ते कळतं, तिकीटबारी. पण त्याने नुकसान काय झालं, तर लोकांना पिक्चरमधला तो रांजणच आठवतो, शिक्के आठवत नाहीत. जी बाई कागद, वेळ आणि रिवाज वापरून आठ मुरलेल्या मुत्सद्द्यांना लोळवते तिला शेवटी राक्षसीण करून टाकलं की प्रेक्षकाला बरं वाटतं, अच्छा म्हणजे ती दुष्ट होती म्हणून जिंकली. आपल्याकडे आनंदीबाईचं तरी काय केलंय? तो ध चा मा तिने खरंच केला का याचा पुरावा कुणाकडे नाही, पण म्हण पक्की.

दुसरं, सूशुन. पिक्चरमधे तो उर्मट, मिशीला पीळ देणारा व्हिलन टाइप आहे, म्हणजे पीळ देत नाही पण चेहरा तसा. खरा सूशुन उद्धट होताच, पण कामाचा माणूस होता, स्वतः मांचू, म्हणजे राज्यकर्त्या जमातीतला, असून हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, अधिकाऱ्यांना वर आणणारा, परीक्षेतल्या घोटाळ्यात मोठमोठ्या लोकांना सोडलं नाही असा. तो सगळा भाग गाळल्यामुळे सामना थोडा एकतर्फी होतो. समोरचा तोलामोलाचा दाखवला असता तर बाईंची हुशारीही जास्त दिसली असती.

तिसरं, वेग. मधे काही जागा रेंगाळतात, विधी चालूच राहतात, गुडघे टेका, उठा, टेका, उठा. आईंना ते आवडलं, त्यांना लग्नाच्या व्हिडिओतही सप्तपदी पूर्ण लागते. मी दोनदा चहा करून आले. ऑनलाइन मिळते ती प्रिंटही यथातथाच, रंग उडालेले, पिवळा राजेशाही रंग कधी कधी हळदीच्या डागासारखा दिसतो, आणि आम्हाला मिळाल्या त्या सबटायटलमधे एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलं होतं, त्यामुळे मी अर्धा तास दीर आणि धाकटा दीर यांत घोळ घालत होते. चिनी इतिहास अजिबात माहीत नसेल तर बघण्याआधी पाच मिनिटं काढून कोण कोण आहे ते वाचून घ्या, पिक्चर थांबून काहीच समजावत नाही, त्यांच्या प्रेक्षकांना हे सगळं आपल्या पानिपतासारखं तोंडपाठ आहे.

अजून एक गंमत, पिक्चरबाहेरची. आठ जणांनी नव्या राजाच्या कारकिर्दीचं नाव ठरवलं होतं, 'छीश्यांग', शुभ वगैरे अर्थाचं, त्याची नाणीसुद्धा पाडायला घेतली. कट झाल्यावर ते रद्द करून ठेवलं 'थोंगजर', म्हणजे साधारण 'एकत्र कारभार'. कोण एकत्र ते आपण समजून घ्यायचं. एकत्र किती दिवस टिकलं? ज्या दिराच्या जोरावर हे सगळं झालं त्या प्रिन्स गोंगला चारच वर्षांत, १८६५ मधे, त्सुशीने खाली ओढलं, आणि त्यासाठीचं फर्मान तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ज्यात शुद्धलेखनाच्या चिक्कार चुका आहेत. तो कागद अजून आहे. मला ती चुकांची गोष्ट रांजणापेक्षा कितीतरी जास्त भयंकर वाटते. तिला ऱ्हस्वदीर्घाची पडलीच नव्हती, ठसा आपला आहे ना मग झालं.

बघावा का? हो. मुलांना घेऊन नको, रांजणामुळे. पॉपकॉर्न घेऊन बसायचा पिक्चर नाही, पण ज्यांना 'स्वामी' आवडते, ज्यांना घरातल्या चार भिंतींतलं राजकारण कळतं, ज्यांनी कधी साहेबाच्या सहीसाठी केबिनबाहेर तासभर उभं राहून काढलाय, त्यांना हा घट्ट धरून ठेवेल. पाचपैकी चार द्यायला निघाले होते, तो एक सीन अर्धा मार्क खाऊन गेला, साडेतीन.

पिक्चर संपला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. नवऱ्याला उठवून आत पाठवलं. आई उठेनात. म्हणाल्या, "त्या थोरलीचं पुढे काय झालं गं?" मी फोनवर बघून सांगितलं, धाकटीने पुढे १९०८ पर्यंत राज्य हाकलं, थोरली १८८१ मधेच गेली, अचानक, ४३ वर्षांची असताना, आजारपण असं काही नव्हतं, धाकटीनेच काहीतरी केलं असं लोक बोलायचे पण पुरावा नाही.

आई थोडा वेळ गप्प बसल्या, मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दिवा घालवता घालवता म्हणाल्या, "आणि तिच्याकडचा शिक्का?"